नामदेवांची प्रतवारी

आषाढीची वारी पंढरपूरला पोहोचते, एकादशी होते, पौर्णिमेचा काला होतो आणि वारकरी परतीच्या वाटेला लागतात. मराठवाड्यातील अनेकांची वारी मात्र तेवढ्यावर पुरी होत नाही. आषाढ वद्य एकादशीला ते हिंगोली जिल्ह्यातील नर्सी येथे परतवारीला जमतात. कयाधू नदीच्या काठी वसलेले हे गाव जुन्या संतचरित्रांत नरसी बामणी या नावाने येते. आज ते नर्सी नामदेव म्हणूनच ओळखले जाते. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा त्याच्या वाट्याला ना मोठे कारखाने आले, ना मोठी शहरे. परंतु संत नामदेवांचे जन्मस्थान आणि औंढा नागनाथाचे प्राचीन देवालय अशी दोन तीर्थे या लहानशा जिल्ह्याच्या सीमेत आली. नर्सीत नामदेव जन्मले. औंढ्यात ते पुन्हा घडले, असे परंपरा मानते. या दोन गावांमधले अंतर फार नाही; पण ते ओलांडण्यापूर्वी नामदेवांना आपल्याच माणसांकडून एक अपमान सोसावा लागला.

नामदेवांचा जन्म शके ११९२ मधील कार्तिक शुद्ध एकादशीचा, म्हणजे इसवी सन १२७० मधला. जन्म नर्सीचा की पंढरपूरचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र दामाशेटींचे घराणे मूळचे नर्सीचे, असे परंपरा सांगते. दामाशेटी आणि गोणाई हे त्यांचे आईवडील. घरचा व्यवसाय शिंप्याचा. कुटुंब पुढे पंढरपुरी स्थिरावले आणि विठ्ठलाची नित्यपूजा हा त्या घराचा नेम झाला. नामदेवांचा विवाह राजाईशी झाला. नारा, विठा, गोंदा आणि महादा हे चार मुलगे. आई, पत्नी, बहीण आऊबाई, मुलगे, सुना आणि घरात वाढलेली जनी अशा साऱ्यांच्या नावावर अभंग असलेले असे दुसरे घर मराठी वाङ्मयात दाखवता येणार नाही.

नामदेवांच्या बालपणीची एक कथा महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक आहे. दामाशेटी परगावी गेले असता नैवेद्याचे काम लहानग्या नामदेवांवर आले. देव नैवेद्य खातो अशी त्या मुलाची भाबडी समजूत. देव खाईना, तेव्हा मुलाने डोके आपटून घ्यायची तयारी केली आणि अखेर विठ्ठलाने नैवेद्य ग्रहण केला. या कथेचा पुढे एक परिणाम झाला, त्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. पंढरपुरात नामदेवांचे स्थान लहानपणीच ठरून गेले. देव ज्याच्याशी बोलतो, ज्याच्या हातचे खातो, तो हा मुलगा, असे सारे म्हणू लागले. तरुणपणी त्यांचे कीर्तन ऐकायला गर्दी लोटू लागली. घरचा धंदा मागे पडला. गोणाई आणि राजाई यांच्या नावावरील अभंगांतून संसाराच्या ओढाताणीची कळवळून केलेली तक्रार ऐकू येते. पण गावाच्या नजरेत नामदेव पहिल्या पंक्तीचे भक्त होते आणि स्वतः नामदेवांनाही त्यात काही वावगे वाटत नव्हते.

अशा वेळी निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव आणि मुक्ताई ही भावंडे त्यांच्या आयुष्यात आली. या चौघांना प्रतवारी म्हणजे काय हे कोणी शिकवायची गरज नव्हती. संन्यास सोडून पुन्हा गृहस्थाश्रमात आलेल्या विठ्ठलपंतांची ही मुले. समाजाने त्यांना सगळ्या पायऱ्यांच्या खाली ढकलले होते. शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभे राहावे लागले. १२९० मध्ये ज्ञानदेवांनी नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण केली, तेव्हा ते अवघे पंधरा वर्षांचे होते असे मानले जाते. नामदेव त्यांच्याहून सुमारे पाच वर्षांनी मोठे.

या भेटीचे वर्णन नामदेवांच्या गाथेत आणि नंतरच्या चरित्रग्रंथांत आले आहे. नामदेव भेटीला आले, तेव्हा निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव उठून त्यांच्या पाया पडले. सोपानदेवांनीही नमस्कार केला. नामदेवांनी त्यांचे नमस्कार स्वीकारले, स्वतः मात्र वाकले नाहीत. आपण विठ्ठलाच्या निकटचे, तेव्हा इतरांनी आपल्याला वंदन करावे, हे त्यांना स्वाभाविकच वाटले असावे. मुक्ताई मात्र जागची हलली नाही. भावांमध्ये सर्वांत धाकटी, विशीही न गाठलेली ही मुलगी. हा माणूस देवाजवळ राहून कोराच राहिला, याचा अहंकार अजून गेलेला नाही, असे तिने सर्वांदेखत सुनावले. पंढरपुरात ज्याला कोणी प्रश्न विचारला नव्हता, त्याला पहिला प्रश्न एका मुलीने विचारला.

पुढचा प्रसंग गोरोबाकाकांच्या नावाशी जोडलेला आहे. तेरचे गोरा कुंभार हे या संतमंडळींत वडीलधारे. म्हणून सर्व जण त्यांना काका म्हणत. हे वैष्णवांचे मंडळ म्हणजे त्या काळातील एक विलक्षण मेळा होता. कुंभार, माळी, सोनार, शिंपी, महार अशा कष्टकरी जातींतील माणसे त्यात होती आणि बहिष्कृत ब्राह्मणाची मुलेही होती. जातीची उतरंड त्यांनी दाराबाहेर ठेवली होती. माणसे एकत्र आली की तोलणे-मापणे मात्र कुठल्या ना कुठल्या रूपाने आत शिरतेच. मंडळी जमलेली असताना मुक्ताईची नजर कोपऱ्यातल्या थापटण्याकडे गेली आणि हे कशासाठी, असे तिने काकांना विचारले. याने मडकी थापटतो, कोणते कच्चे, कोणते पक्के ते कळते, असे काकांनी सांगितले. मग इथली मडकीही पारखून पाहा, अशी सूचना तिने केली.

गोरोबाकाका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत निघाले. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव यांच्यासह सारे निमूट बसून राहिले. कोणी हूं की चूं केले नाही. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र ते चिडले. संतांना घरी बोलावून असे मारणे हा कुठला पाहुणचार, असा त्यांचा सवाल होता. काकांनी निर्णय दिला की एवढे एकच मडके कच्चे आहे. जमलेल्या मंडळींत हशा पिकला. नामदेव रडवेले होऊन तेथून उठून गेले.

मराठी माणसाने ही कथा शेकडो कीर्तनांतून ऐकली आहे, आणि बहुतेक वेळा ती नामदेवांचा गर्व उतरल्याची कथा म्हणूनच सांगितली जाते. ते खरेच आहे. पण कुंभाराच्या धंद्याकडे जरा जवळून पाहिले तर आणखी काही दिसते. थापटणे हे मुळात पारख करायचे साधन नव्हे. चाकावरून उतरवलेल्या ओल्या मडक्याच्या आत एका हाताने दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून थापटण्याने ठोकत मडक्याला आकार द्यायचा, हे त्याचे खरे काम. पक्क्या मडक्याला थापटण्याची गरजच उरलेली नसते. दुसरी गोष्ट अशी की कच्चे म्हणजे फुटके नव्हे. कच्चे मडके पाण्यात विरते खरे, पण त्याच मातीचे पुन्हा मडके घडवता येते. भट्टीतून निघालेल्या मडक्याला ती सोय नाही. ते बिघडले तर त्याचे खापरच होते. त्या दिवशी मंडळींत ज्याचे घडणे अजून शक्य होते, असे मडके एकच निघाले.

अर्थात अपमान झालेल्या माणसाला त्या क्षणी असे काही सुचत नाही. नामदेवांनाही सुचले नाही. ते थेट पंढरपूरला गेले आणि त्यांनी विठ्ठलापाशी गाऱ्हाणे घातले. त्या मंडळींनी आपल्याला नापास ठरवले, आता देवाने तरी आपली बाजू घ्यावी, अशी त्यांची अपेक्षा होती. लहानपणापासून देवाने त्यांचा शब्द मोडला नव्हता. या वेळी मात्र विठ्ठलानेही गोरोबाकाकांचाच निर्णय उचलून धरला. गुरूवाचून पक्केपण येत नाही, तेव्हा विसोबा खेचरांकडे जावे, असे त्याने सुचवले. नामदेवांच्या चरित्रातील खरे वळण हे आहे. संतमंडळींनी लावलेली प्रत त्यांना मान्य नव्हती, देवाने लावलेली प्रत त्यांच्या अपेक्षेविरुद्ध गेली, तरीही ते निघाले. रुसून घरी बसणे त्यांना सहज शक्य होते. पंढरपुरात त्यांचे कीर्तन बंद पडणार नव्हते, चाहते कमी होणार नव्हते.

ज्यांच्याकडे जायचे होते ते विसोबा कोण होते, हे पाहिले म्हणजे या कथेची गंमत अधिक कळते. परंपरा त्यांना आळंदीच्या विसोबा चाटी यांच्याशी एकरूप मानते. काही अभ्यासकांना ते मान्य नाही. संन्याशाची पोरे म्हणून या चारही भावंडांचा मनस्वी तिरस्कार करणारे हेच विसोबा. एकदा निवृत्तिनाथांना मांडे खाण्याची इच्छा झाली. मांडे भाजायला खापर हवे, म्हणून मुक्ताई कुंभारवाड्यात निघाली, तर विसोबांनी साऱ्या कुंभारांना दम भरला आणि तिला रिकाम्या हाताने परतावे लागले. तेव्हा ज्ञानदेवांनी योगाग्नीने आपली पाठ तापवली आणि मुक्ताईने त्या पाठीवर मांडे भाजले. आडून पाहणाऱ्या विसोबांचा ताठा तिथेच गळून पडला. ते धावत आले आणि त्या भावंडांच्या ताटातले उष्टे खाऊ लागले. ज्ञानदेवांनी त्यांना खेचर म्हणून दूर सारले, तेच नाव त्यांनी पुढे मिरवले. खेचर या शब्दाचा अर्थ खेचराचे जनावर असाही होतो आणि आकाशात संचार करणारा योगी असाही. कोणता अर्थ घ्यायचा ते ऐकणाऱ्यावर सोपवून विसोबा मोकळे झाले.

म्हणजे ज्याने एके काळी मुक्ताईला कुंभाराचे खापर मिळू दिले नाही, त्याच्याकडेच मुक्ताईने कच्चे ठरवलेले मडके भाजायला पाठवले गेले. आळंदीतल्या वर्तनावरून कोणी विसोबांची कायमची प्रत लावली असती, तर ते यादीत सर्वांत खाली राहिले असते. त्या भावंडांनी तशी ती लावली नाही, एवढे मान्य करावे लागते.

विसोबांची भेट औंढ्याला झाली. हिंगोलीहून परभणीकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव नागनाथाच्या देवालयामुळे प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातील भाविक त्याला बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानतात. देवालयाच्या खालच्या भागावरील शिल्पकाम पाहणाऱ्याला खिळवून ठेवते. वरचा भाग नंतरच्या काळात बांधला गेला, हे सहज दिसते. त्या जीर्णोद्धाराचे श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिले जाते. पिंडी तळघरासारख्या गाभाऱ्यात आहे. अरुंद पायऱ्या उतरून, अंग आक्रसून खाली जावे लागते. उंच माणसाला इथे वाकल्यावाचून दर्शन नाही.

नामदेव या देवळात पोहोचले, तेव्हा त्यांना जे दिसले ते पाहून त्यांचा संताप झाला. एक जराजर्जर म्हातारा पिंडीवर पाय ठेवून खुशाल पडला होता. काही चरित्रकार त्याच्या अंगावरच्या व्रणांचे आणि पायातल्या वहाणांचेही वर्णन करतात. आपल्याला ज्याच्याकडे पाठवले तो गुरू असा असेल, हे नामदेवांच्या स्वप्नातही नव्हते. त्यांनी म्हाताऱ्याला पाय काढायला सांगितले. आपल्या अंगात त्राण नाही, जिथे देव नसेल तिथे तूच हे पाय उचलून ठेव, असे म्हाताऱ्याने सांगितले. नामदेवांनी पाय उचलून एका बाजूला ठेवले, तर तिथे पिंडी प्रकट झाली. दुसरीकडे ठेवले, तिथेही तेच. पाय ठेवायला देवावाचून रिकामी जागा सापडेना, तेव्हा त्यांना काय ते कळले.

हा प्रसंग नेमका कुठे घडला, याबाबत चरित्रग्रंथांत एकवाक्यता नाही. परंतु औंढ्याच्या परंपरेने तो आपला मानला आहे. पुढे गुरू नानकांच्या चरित्रकथांतही मक्केच्या संदर्भात अशीच एक कथा येते. चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट निःसंशय उरते. नामदेवांनी आपल्या अभंगांत विसोबा खेचरांना गुरू म्हणून आदराने स्मरले आहे. ज्या माणसाला पाहताच त्यांनी मनात शेवटची प्रत दिली होती, त्याच्या पायाशी ते बसले. गोरोबाकाकांनी आपल्याविषयी घाईने मत बनवले असे त्यांना वाटले होते. औंढ्याच्या गाभाऱ्यात तीच घाई त्यांनी स्वतः केली होती.

यानंतरच्या नामदेवांत पडलेला फरक त्यांच्या अभंगांतून जाणवतो. तोवर देव म्हणजे पंढरपूरच्या विटेवरची मूर्ती होती. आता तो सर्वांभूती दिसू लागला. कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा कोरडी भाकरी कशी खाशील म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव हे या नव्या दृष्टीचे लोकांनी जपलेले चित्र. याच काळाच्या मागेपुढे ज्ञानदेवांसह त्यांनी तीर्थयात्रा केली. तिचे वर्णन तीर्थावळीच्या अभंगांत आहे. ज्या भावंडांच्या घोळक्यात ते अपमानित झाले, त्यांचेच चरित्र आदि, तीर्थावळी आणि समाधी या प्रकरणांतून नामदेवांनी गायिले. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, त्या प्रसंगाचे त्यांनी केलेले वर्णन आजही ऐकणाऱ्याचे डोळे ओले करते. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली. मराठी मुलखाचे दिवस पालटायला सुरुवात झाली होती.

औंढ्याशी नामदेवांची आणखी एक कथा निगडित आहे. ती आधीची की नंतरची, याचा क्रम चरित्रकार वेगवेगळा देतात. महाशिवरात्रीला नामदेव नागनाथापुढे कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा तेथील पुजाऱ्यांनी त्यांना अडवले. शिंप्याने देवाच्या समोर उभे राहू नये, असे त्यांचे म्हणणे होते. नामदेव वाद न घालता देवळाच्या मागे गेले आणि तिथेच त्यांनी कीर्तन मांडले. ते ऐकण्यासाठी देऊळच फिरले आणि देवाचे मुख त्यांच्याकडे झाले. औंढ्याच्या देवालयात नंदी समोर नाही, तो मागच्या बाजूला आहे. याचे कारण म्हणून गावकरी ही कथा सांगतात. देऊळ फिरल्याची ही कथा महाराष्ट्रापुरती मर्यादित नाही. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असलेल्या नामदेवांच्या एका पदातही देवळातून उठवले गेल्याची व्यथा आणि देऊळ फिरल्याचे वर्णन येते. इथे स्थापत्याचा पुरावा मागण्यात अर्थ नाही. समोरची जागा नाकारल्याचे दुःख मात्र खरे आहे.

असे असताना नामदेवांनी पुढे स्वतः थापटणे हाती घेतले असते तर ते मनुष्यस्वभावाला धरूनच झाले असते. नापास झालेला विद्यार्थी मास्तर झाला की छडी जोरात चालवतो, हा अनुभव काही नवा नाही. नामदेवांच्या भोवती जमलेली माणसे पाहिली तर वेगळे चित्र दिसते. परिसा भागवत हे पंढरपूरचे विद्वान ब्राह्मण. रुक्मिणीच्या प्रसादाने त्यांना परीस लाभला होता, अशी आख्यायिका आहे. शिंप्याला संत म्हणून मानणे त्यांना आरंभी जड गेले. दोघांतील वादसंवादाचे अभंग उपलब्ध आहेत. नामदेवांनी तो परीस चंद्रभागेत फेकून दिला आणि परत मागितल्यावर वाळवंटातले मूठभर खडे पुढे केले, ते सारेच परीस निघाले, असे सांगतात. परिसा पुढे नामदेवांचे शिष्य झाले. त्यांच्या आधीच्या ताठ्याचा हिशेब नामदेवांनी मांडून ठेवला नाही.

जनाबाईंची गोष्ट याहून बोलकी आहे. परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची ही पोरकी मुलगी लहानपणीच दामाशेटींच्या घरी आली. दळण, कांडण, शेणी वेचणे ही तिची कामे. स्वतःला ती नामयाची दासी म्हणवत राहिली. पण तिचे अभंग त्याच घरात रचले गेले, गायिले गेले, टिकले. घरातील मोलकरणीला कवयित्री म्हणून मान मिळाल्याची उदाहरणे तेराव्या-चौदाव्या शतकात जगभर शोधली तरी विरळाच सापडतील. आज लोकप्रियतेच्या दृष्टीने जनाबाई नामदेवांच्या तोडीस तोड आहेत, आणि काही रसिक तर तिला एक पाऊल पुढेच ठेवतात.

आणि चोखामेळा. महार जातीत जन्मलेल्या या संताला देवळात प्रवेश नव्हता. महाद्वाराबाहेर उभे राहून तो विठ्ठलाला आळवत असे. संतमंडळींच्या प्रतवारीत तो कुठे बसतो, हे त्याच्या अभंगांनी दाखवून दिले होते. गावाच्या प्रतवारीत मात्र तो उतरंडीच्या तळाशीच राहिला. १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि वेठीला लावलेल्या मजुरांसह चोखोबा गाडले गेले. वृत्त समजल्यावर नामदेव स्वतः मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यातल्या हाडांतून चोखोबांची हाडे कशी ओळखायची, हा प्रश्न होता. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला त्या त्यांनी कानाला लावून निवडल्या, असे परंपरा सांगते. गोरोबाकाकांनी डोक्यावर थापटणे मारून आवाज ऐकला होता. नामदेवांनी मेलेल्या मित्राच्या हाडांना कान लावला. त्या अस्थी पंढरपूरला आणून त्यांनी महाद्वारासमोर चोखोबांची समाधी बांधवली. त्या वेळी नामदेवांचे वय अडुसष्टच्या घरात होते. चोखोबांच्या जातीच्या माणसांना महाद्वाराच्या आत पाऊल टाकता यायला त्यानंतर सहाशेहून अधिक वर्षे लागली. १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले.

नामदेवांचा उत्तरेतील प्रवास हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. पंजाबात त्यांनी सुमारे दोन दशके घालवली असे मानले जाते. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्याने पावन झाले आणि तिथल्या लोकांनी बाबा नामदेव म्हणून त्यांना आपलेसे केले. ज्या मुलखात त्यांची भाषा कोणाला कळत नव्हती आणि पंढरपुरातील कीर्ती कोणाच्या कानी नव्हती, तिथे त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हिंदी पदे रचली. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा नामदेवांची एकसष्ट पदे त्यात घेतली गेली. कबीर आणि रविदास यांनीही नामदेवांचा उल्लेख पूर्वसूरी म्हणून केला आहे. एप्रिल २०१५ मध्ये घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा महाराष्ट्रातून गेलेल्या अनेकांना या नात्याची खोली प्रथमच प्रत्यक्ष जाणवली.

नामदेवांच्या नावावर असलेले सारे अभंग त्यांचेच नाहीत, हेही इथे नोंदवले पाहिजे. विष्णुदास नामा यांच्यासारख्या नंतरच्या कवींची रचना गाथेत मिसळली आहे. महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये, सातशेव्या जयंतीच्या निमित्ताने, नामदेव गाथेची आवृत्ती काढली. तरी कोणते अस्सल आणि कोणते नंतरचे, हा वाद संपला नाही. कच्चे-पक्के ठरवण्याचा खटाटोप नामदेवांच्या मागे सातशे वर्षे लागला आहे, एवढाच याचा अर्थ.

अखेरच्या काळात ते पंढरपूरला परतले. शके १२७२ मध्ये, म्हणजे १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीला, ऐंशीव्या वर्षी त्यांनी कुटुंबीयांसह समाधी घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. घुमानची परंपरा तो मान आपल्याकडे घेते. पंढरपूरच्या कथेनुसार समाधीसाठी जागा निवडण्याचा प्रश्न आला, तेव्हा गाभाऱ्याजवळची किंवा सभामंडपातील जागा मागणे नामदेवांना अवघड नव्हते. त्यांनी महाद्वाराची पायरी मागितली. विठ्ठलाच्या दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाचे पाय, मग तो कोणीही असो, आपल्या मस्तकाला लागावेत, अशी त्यांची इच्छा होती. चोखोबांची समाधी तिथे समोरच आहे.

ती इच्छा मात्र वारकऱ्यांनी कधी पुरी होऊ दिली नाही. आषाढीच्या रेट्यात, मागून हजारोंचा लोंढा ढकलत असतानाही, महाद्वारापाशी आलेला माणूस खाली वाकतो, पायरीला हात लावतो, तो हात कपाळाला लावतो आणि पायरीवर पाय पडणार नाही अशा बेताने ती ओलांडून आत जातो.